शेपटीची कडी मोजताना

मोजणी छातीच्या परापासून सुरू होते. ज्या हाडकी कड्याला हा पर चिकटलेला, ते पहिलं. तिथून गुदपराच्या अलीकडच्या कड्यापर्यंत धड. पुढची सगळी शेपूट. धडाची अकरा भरली, पण त्यानं काही ठरत नाही, बहुतेक समुद्रघोड्यांची अकराच असतात. कसोटी लागते ती शेपटीत. वर्षानुवर्षं अल्कोहोलमध्ये राहून ती ताठरलेली, टोकाशी गुंडाळलेली. सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं एकेक कडं ओलांडत जायचं, आणि अर्ध्यावर नजर घसरली की पुन्हा पहिल्यापासून. शेजारची अभ्यासक माझा आकडा न विचारता स्वतः मोजते. तशीच रीत आहे.

बाटलीतल्या जुन्या चिठ्ठीवर ‘हिप्पोकॅम्पस कुडा’ असं नाव. कुडाची शेपटी साधारण 36 कड्यांची. आमची भरली 40. मग डोळ्यावरचा आणि गालावरचा आकडीसारखा वळलेला काटा पाहिला, बसका मुकुट पाहिला. हा ट्रायमॅक्युलॅटस. नावाप्रमाणे पाठीवर तीन ठिपके हवेत, पण ते नसलेलेही पुष्कळ सापडतात. रंगावर तर मुळीच जायचं नाही: जिवंतपणी हा मासा रंग बदलतो, मेल्यावर रंग उडतो. जुनी चिठ्ठी फेकली नाही, नवी तिच्याशेजारीच बाटलीत गेली.

कुडा हे नाव दीर्घकाळ गाठोड्यासारखं वापरलं गेलं. ओळख पटली नाही की टाका त्यात. 2016 साली सारा लॉरी आणि सहकाऱ्यांनी जगभरचा पसारा आवरून 41 जाती ग्राह्य धरल्या. हा निव्वळ पंडिती खटाटोप नव्हे. भारतात 2001 पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि चोरट्या व्यापारात पकडलेला वाळका माल ओळखायला ही कडीच कामी येतात.

समुद्रघोड्यांच्याच कुळातल्या पाईपफिशांची विभागणी मला जास्त आवडते. तिथं बाप अंडी कुठं वागवतो ते बघतात. शेपटीखाली असतील तर एक उपकुळ, पोटाखाली असतील तर दुसरं, समुद्रघोडे पहिल्यात. त्यांच्या जवळच्या घोस्ट पाईपफिशांत मात्र अंडी मादीच सांभाळते, पोटाकडच्या परांच्या ओंजळीत.

गणाच्या पातळीवर तर या सगळ्यांचं घरच बदललं. अंगावरच्या हाडकी पट्ट्या पाहून पूर्वी स्टिकलबॅक मासे यांच्यासोबत धरत. डीएनएच्या अभ्यासानं ते दूर गेले, आणि जवळ आले हनुवटीला मिशा असलेले गोटफिश, ज्यांच्या तोंडाला नळीचा पत्ताच नाही.