गोधडीची खोळ आणि उसनी पद्धत

दिवाळीत पुणतांब्याला गेले, तेव्हा आजीने ट्रंकेतून तिच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडलेला गोधडीचा वरचा थर काढून दिला. डोळे अधू झाले आणि गोधडी अर्धवटच राहिली होती. म्हटलं, याचीच रजईला खोळ शिवू. मागे चादर लावली, मशीन मारली, झालं! पहिल्याच धुण्यात जोड उसवले.

चुकलं कुठे? गोधडीत कापडाचे अनेक थर असतात आणि धावदोरा ते एकत्र धरून ठेवतो. ताण शेकडो टाक्यांत वाटला जातो, म्हणून जीर्ण लुगडंही टिकतं. खोळीत धावदोराच नाही. सगळा ताण ठिगळांच्या जोडांवर येतो, शिवाय आतली रजई त्यांच्या सुट्या कडांना घासत राहते.

मग जोड दुरुस्त केले. सुती अस्तर आधी धुऊन घेतलं, नाहीतर ते नंतर आटतं आणि वर चुण्या पडतात. अस्तर आणि ठिगळं धावदोऱ्याने एकत्र केली, मगच चादर जोडली. पायाकडे बटणं, आत कोपऱ्यांना नाड्या. रजई सरकत नाही.

संशोधनात आपण हेच करतो. दुसऱ्याच्या पेपरमधली प्रश्नावली उचलतो, पण ती तिथल्या भाषेवर, तिथल्या लोकांवर उभी होती हे विसरतो. म्हणून पद्धत उसनी घेताना विचारा: तिथला धावदोरा कोणता होता? इथे तो नसेल, तर अस्तर कशाचं लावणार? आणि पहिलं धुणं लहान तुकड्यावर करा. त्यालाच पायलट स्टडी म्हणतात.