ग्रामवाचनालयाने वर्गणी कशावर खर्चावी?

ग्रामवाचनालयाचा पैसा मोजका असतो. म्हणून वर्गणी भरण्यापूर्वी गावच्या शेतीचे प्रश्न लिहून काढावेत. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. योग्य माहिती वेळेवर हाती असणे किती अगत्याचे आहे, हे यावरून ध्यानी येईल.

प्रथम विनामूल्य साधने पाहावीत. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारात कृषि विद्यापीठांचे पुष्कळ प्रबंध मोफत वाचावयास मिळतात. महागड्या संशोधनपत्रिकांची वर्गणी गावाने भरू नये. परिषदेने २००७ साली कृषि विद्यापीठांसाठी त्यांची सामायिक व्यवस्था उभारली. म्हणून अशा पत्रिकांतील माहिती कृषि विज्ञान केंद्राकडे विचारावी.

शिल्लक रक्कम कृषि विभागाचे ‘शेतकरी’ मासिक व अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची मराठी प्रकाशने यांवर खर्चावी. निवडीच्या कसोट्या तीन: शिफारस विदर्भाच्या जमिनीस लागू आहे काय, ती कोणत्या वर्षाची आहे आणि वाचकास समजते काय? मेथोमिल या कीटकनाशकावर २०२३ साली बंदी आली. ते सुचविणारी जुनी पुस्तिका कपाटात ठेवू नये. वर्षअखेर नोंदवही पाहून न वाचली जाणारी वर्गणी बंद करावी.