दुप्पट डोसने करपा हटत नाही

टोमॅटोवर उशिरा येणारा करपा पसरला की सल्ला ठरलेला: "औषध लागू पडेना, डोस वाढवा." ढगाळ हवेत चार-सहा दिवसांत प्लॉट काळा पडतो, त्यामुळे घाई होणारच. पण हा सल्ला खिसा रिकामा करतो आणि रोग तसाच ठेवतो.

प्रयोगशाळेत रोगट पानातून करप्याचा रोगकारक, फायटोप्थोरा इन्फेस्टन्स, वेगळा काढतात आणि औषध मिसळलेल्या माध्यमावर बशीत वाढवतात. मेटॅलॅक्झिल या औषधासाठी एका बशीत ५ पीपीएम, दुसरीत १००, तिसरी बिनऔषधाची. तिसरीच्या तुलनेत ५ पीपीएमलाच वाढ ४० टक्क्यांखाली राहिली तर तो संवेदनशील. १०० पीपीएमलाही ४० टक्क्यांवर गेली तर प्रतिकारक. वीसपट औषध पचवून जो वाढतो, त्याला पंपातला दुप्पट डोस काय करणार?

"रोगाला औषधाची सवय होते" हेही खरं नाही. असंख्य बीजाणूंत मोजके मुळातच प्रतिकारक असतात. फवारणीत बाकीचे मरतात, रान यांना मोकळं मिळतं. आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये १९८० साली बटाट्यावर हेच घडलं. २००९-१० च्या सुमारास दक्षिण भारतात टोमॅटोवर मोठी साथ आली, तिच्यामागे मेटॅलॅक्झिलला न जुमानणारा '१३_ए२' हा वंश निघाला.

मग पुडीतलं मिश्रण थोडंफार काम करतं ते कसं? 'मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के' मधलं मँकोझेब स्पर्शजन्य आहे. ते निरोगी पान राखतं, पानात शिरलेला रोग मारत नाही. म्हणून पुडीचं नाव बदलून भागत नाही. बारीक अक्षरांतला घटक बघा. नवं नाव, जुनाच घटक, असं सर्रास होतं.

मात्र फसलेली प्रत्येक फवारणी प्रतिकारामुळेच फसते असंही नाही. पाऊस, उशीर, पानांच्या खालच्या बाजूला न पोचलेलं औषध, हीही कारणं असतात. शिवाय फायटोप्थोरा खरी बुरशी नाहीच, त्यामुळे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर चालतच नाही. ते मारून "प्रतिकार आला" म्हणणं चूक आहे.

चाचणीसाठी वाळलेली काळी पानं नेऊ नका, त्यातून रोगकारक क्वचितच जिवंत निघतो. ताज्या डागांची, कडेला पांढुरकी वाढ दिसणारी पानं प्लॉटच्या वेगवेगळ्या भागांतून घ्या. एका पानावरून सगळ्या प्लॉटचा निकाल लागत नाही. सोबत आतापर्यंतच्या फवारण्या तारखांसह लिहून द्या.