अहमदनगरच्या किल्ल्यातील सत्तापहरण
अहमदनगरच्या निजामशाहीत १५८८ ते १५९१ या काळात सत्ता वारंवार बळकावली गेली. मीरान हुसेनने पिता मुर्तजा निजामशहास ठार करून गादी मिळवली. १५८९मध्ये त्याचा वजीर मिर्झाखान याने त्यालाच किल्ल्यात कैद केले आणि राजघराण्यातील अल्पवयीन इस्माईलला तख्तावर बसवले. दख्खनी गटाचा पुढारी जमालखान जमावासह चालून आला, तेव्हा मिर्झाखानाने मीरानचे शीर कापून तटावरून दाखवले. जमाव पांगण्याऐवजी खवळला, किल्ला पडला. त्यानंतर दख्खनींनी केलेली दरबारातील परदेशी लोकांची कत्तल हे या संघर्षाचे सर्वांत काळे पान. जमालखानाने बालसुलतान तसाच ठेवून कारभार हाती घेतला. १५९१मध्ये इस्माईलचाच पिता बुऱ्हाण खानदेशच्या राजे अलीखानाच्या मदतीने आला. रोहिणखेडच्या लढाईत जमालखान मारला गेला आणि बुऱ्हाण गादीवर बसला.