चांद्याचा बॅरिस्टर आणि राज्यसभेची खुर्ची

नागरिकशास्त्राच्या तासाला एका मुलाने विचारलं, "सर, आपल्या जिल्ह्यातून दिल्लीत कुणी मोठ्या खुर्चीवर बसलंय का?" मी सांगितलं, बसलेत, आणि ते पेशाने वकील होते. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे. वर्गात दोघा-तिघांनीच नाव ऐकलेलं होतं, याचं वाईट वाटलं.

राजाभाऊंचा जन्म २५ सप्टेंबर १९२५ चा, चांद्याचा. पूर्ण नाव भाऊराव देवाजी खोब्रागडे. नागपूरला शिक्षण आणि मग लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टरी. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. सिरोंचापर्यंतचा सगळा जंगलपट्टा चांद्यातच मोडायचा. अशा मुलखातल्या दलित घरातला मुलगा बॅरिस्टर होऊन गावी परतला, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १६ तारखेला चांद्याला आले. त्या सोहळ्याच्या आयोजनात पुढे होते एकतीस वर्षांचे राजाभाऊ. आज तिथे आंबेडकर कॉलेज आहे. आपलीही मुलंमुली तिथे शिकतात.

१९५८ मध्ये ते राज्यसभेवर गेले, पुढे १९६६ आणि १९७८ मध्येही. त्यांचा रिपब्लिकन पक्ष छोटा, मग हे जमलं कसं? इथे जरा हिशेब समजून घ्या. राज्यसभेचे खासदार आपण निवडत नाही, आमदार निवडतात, तेही पसंतीक्रमाने. समजा आजच्या २८८ आमदारांनी ६ जागा भरायच्या आहेत. २८८ ला ७ ने भागून एक मिळवा, ४२ पहिल्या पसंतीची मतं मिळाली की उमेदवार निवडून आला. त्याची जादा मतं दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे वळतात. म्हणजे बहुमत नसलेल्यालाही वाट आहे. पण राजाभाऊंच्या पक्षाकडे लागतील तितके आमदार कधीच नव्हते. बाकीची मतं दुसऱ्या पक्षांतून जोडावी लागली. (लोकसभेत चांद्याने १९५२ मध्ये मुल्ला अब्दुल्लाभाई ताहेरअली यांना आणि १९७१ मध्ये अब्दुल शफी यांना निवडून दिलं होतं, हेही घरच्या मुलांना सांगायला हरकत नाही.)

डिसेंबर १९६९ मध्ये राजाभाऊ राज्यसभेचे उपसभापती झाले. त्याआधी या पदावर काँग्रेसचेच लोक बसले होते. सभापती हे देशाचे उपराष्ट्रपती असतात; ते नसले की सभागृह उपसभापती चालवतात. कुणाला बोलू द्यायचं, कुणाला थांबवायचं, नियमाचा अर्थ काय, हे त्या खुर्चीवरूनच ठरतं. आसनावरच्या माणसाला एरवी मत देता येत नाही, दोन्ही बाजूंची मतं समसमान पडली तरच त्याचं मत चालतं. वकिलीची तालीम इथे कामी येते. एप्रिल १९७२ पर्यंत हे काम त्यांनी पाहिलं.

राज्यसभेची त्यांची शेवटची मुदत एप्रिल १९८४ मध्ये संपली आणि त्याच महिन्यात, ९ तारखेला, त्यांचं निधन झालं.