घारापुरी : लेण्यांचा ऱ्हास व जतन

घारापुरी : मुंबई बंदरातील एक बेट व त्यावरील प्राचीन शैलगृहे. ‘एलिफंटा’ या नावानेही ती प्रसिद्ध आहेत. हे बेट रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. ते मुंबईच्या अपोलो बंदरापासून समुद्रमार्गे सु. ११ कि.मी. अंतरावर आहे. त्याच्या पूर्वेस खाडीपलीकडे न्हावा-शेवा आणि त्यामागे जासई इ. मुख्यभूमीवरील गावे येतात. बेटावर दोन टेकड्या असून त्यांच्या पायथ्याशी शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर या वस्त्या आहेत. एकूण सात लेण्यांपैकी पाच शैव लेणी पश्चिमेकडील टेकडीत आहेत. पूर्वेकडील टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष व दोन बौद्ध लेणी आहेत.

यांतील पहिले लेणे सर्वांत भव्य होय. उत्तरेकडील मुख्य प्रवेशापासून मागील भिंतीपर्यंत त्याची लांबी सु. ३९ मी. आहे. पूर्व व पश्चिम या बाजूही उघड्या असल्याने दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी शिल्पांवर वेगवेगळा प्रकाश पडतो. वेरूळच्या धुमार लेण्याशी या विधानाचे साम्य आहे. सभागृहात चार द्वारांचे लिंगगर्भगृह असून प्रत्येक द्वाराच्या दोन्ही बाजूंस प्रचंड द्वारपाल कोरलेले आहेत. दक्षिण भिंतीच्या मध्यभागी सु. ६ मी. उंचीचे त्रिमुखी शिल्प आहे. ते ‘त्रिमूर्ती’ म्हणून लोकांत परिचित असले, तरी अभ्यासक ते ब्रह्मा-विष्णू-महेशांचे नसून सदाशिवाचे मानतात. त्याच्या दोन्ही अंगांस अर्धनारीश्वर व गंगाधर, तर अन्यत्र कल्याणसुंदर, अंधकासुरवध, नटराज, योगीश्वर व रावणानुग्रह ही शिल्पे आहेत.

इतिहास : ही लेणी कोणी खोदविली, हे सांगणारा कोरीव लेख आज येथे नाही, त्यामुळे कालनिर्णय शैली, नाणी व इतर ठिकाणच्या लेखांवरून करावा लागतो. सर्वसाधारणतः मुख्य लेणे इ. स. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमाराचे मानतात. कलचुरी नृपती कृष्णराज याची हलक्या किंमतीची नाणी बेटावर मोठ्या संख्येने सापडली. वा. वि. मिराशी यांनी लेण्यांचा संबंध कलचुरींशी जोडला. ही नाणी कारागिरांच्या मजुरीची असावीत, असा तर्क वॉल्टर स्पिंक यांनी केला. दुसरा पुलकेशी या चालुक्य राजाच्या ऐहोळे येथील शिलालेखात (६३४) त्याच्या आरमाराने पश्चिम समुद्रावरील पुरी हे नगर जिंकल्याचा उल्लेख आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी, असे काही विद्वान समजतात. इतरांना ते मान्य नाही.

निर्मात्याविषयीची ही अनिश्चितता केवळ काळाच्या ओघाने आलेली नाही. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसईच्या तहान्वये हा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर लेण्याच्या प्रवेशद्वारावरील एक लेख असलेली शिळा काढण्यात आली, असे पोर्तुगीज इतिहासकार दिओगो दो कोउतो याने नोंदविले आहे. ती वाचणारा येथे कोणी न मिळाल्याने पोर्तुगालचा राजा तिसरा झुआंव याच्याकडे पाठविण्यात आली. पुढे तिचा माग लागला नाही. अशा रीतीने वाचता न आलेला लेख जागेवरून हलविल्यामुळे तो वाचण्याची पुढील पिढ्यांची संधीही गेली.

ऱ्हासाची कारणे : गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५३४ मध्ये हे लेणे पाहिले होते. १५६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, गुरे आत शिरत असल्याने लेण्याची बरीच नासधूस झाली आहे, असे तो लिहितो. पोर्तुगीज सैनिकांनी शिल्पांवर गोळ्या झाडल्याचे वृत्तांत प्रसिद्ध आहेत. तथापि सर्व हानी त्यांच्या माथी मारणे योग्य ठरणार नाही. मानवी आघात व नैसर्गिक झीज या दोन्ही प्रक्रिया येथे शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

लेणी दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकात आहेत. हा खडक कठीण असला, तरी त्यात सांधे व भेगा असतात. पावसाळ्यात टेकडीवरील पाणी या भेगांतून छतावाटे व भिंतींवाटे झिरपते. खडकातील काही खनिजे ओली झाली की फुगतात व वाळली की आकसतात. त्यामुळे पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. समुद्रावरील वाऱ्याबरोबर आलेले क्षार छिद्रांत स्फटिकरूप धारण करतात व दगडाचे कण विलग करतात. झाडांची मुळे भेगा रुंदावतात. जमिनीवर साचलेल्या पाण्याने स्तंभांचे तळ कुजल्यागत झिजतात. येथील अनेक स्तंभांचा खालचा भाग नाहीसा होऊन वरचा भाग छताला लोंबत राहिला होता, तो यामुळेच. एकाच खडकातून कोरलेल्या वास्तूत स्तंभ निखळला, तरी छत तत्काळ कोसळत नाही. परंतु त्याचा भार शेजारच्या भागांवर पडतो.

बेटाला ‘एलिफंटा’ हे नाव मिळवून देणारा दगडी हत्तीही वाचला नाही. बेटाच्या धक्क्याजवळील या हत्तीची मान व मस्तक १८१४ मध्ये गळून पडले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत उचलताना तुटला. त्याचे तुकडे मुंबईच्या व्हिक्टोरिया उद्यानात (आजचे जिजामाता उद्यान, भायखळा) आणून १९१२ मध्ये जुळविण्यात आले. हत्ती आज पाहता येतो. मात्र त्याचे मूळ स्थानाशी असलेले नाते तुटले ते कायमचेच.

अभ्यास व जतन : कार्स्टन नीबूर याने १७६४ मध्ये या लेण्यांची रेखाटने केली. १७७४ मध्ये साष्टी व उरणबरोबर हे बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. जेम्स बर्जेस यांचा १८७१ मधील ग्रंथ व हीरानंद शास्त्री यांची १९३४ मधील मार्गदर्शिका यांनी शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या अखत्यारीत असून १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमाचे संरक्षण त्यांना लाभलेले आहे. विसाव्या शतकात पडलेल्या स्तंभांच्या जागी नवे आधार उभारण्यात आले. कड्याचे सैल भाग बांधून घेणे, भूमीचे दृढीकरण करणे व भोवती कठडा बांधणे, ही कामेही झाली. नवे स्तंभ जुन्यांच्या घाटाचे आहेत. शिल्पांचे तुटलेले अवयव मात्र नव्याने घडविलेले नाहीत. छताला आधार देणे ही वास्तूच्या अस्तित्वाची गरज आहे; उलट नवे हात-पाय जोडणे म्हणजे कल्पनेला पुराव्याचे स्थान देणे होय. येथील जतनाचे हे तत्त्व अन्य लेण्यांसही लागू पडते.

१९८५ मध्ये राज्य शासनाने संपूर्ण बेट व किनाऱ्यापासून १ कि.मी. पर्यंतचा परिसर निषिद्ध क्षेत्र म्हणून अधिसूचित केला. १९८७ मध्ये यूनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारसा सूचीत समावेश केला. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, समोरच्या न्हावा-शेवा किनाऱ्यावर जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू (अटल सेतू) २०२४ मध्ये खुला झाला. बेटाच्या उत्तरेकडून येणारा हा मार्ग जासईजवळच चिर्ले येथे मुख्यभूमीस मिळतो. त्यामुळे लेण्यांभोवतालचा समुद्र हा आता एका मोठ्या औद्योगिक परिसराचा भाग झाला आहे.

संरक्षणाचे निर्बंध बेटावरील रहिवाशांनाही लागू होतात. पर्यटकांची सेवा हे त्यांच्या उपजीविकेचे एक प्रमुख साधन आहे. तथापि समुद्राखालून सु. ७.५ कि.मी. लांबीची केबल टाकून बेटावर कायमस्वरूपी वीज पोहोचली, ती २०१८ मध्ये. जगभरातून पर्यटक येत असलेल्या स्मारकाच्या पायथ्याची गावे तोपर्यंत जनित्रावर अवलंबून होती. रहिवाशांच्या गरजांना आराखड्यात स्थान नसेल, तर संरक्षण हे त्यांना केवळ अडथळा वाटण्याचा संभव असतो. टेकडीवरील पाण्याचा निचरा, भेगांची नियमित पाहणी, गर्दीचे नियंत्रण व कचऱ्याची विल्हेवाट ही कामे दरवर्षी करावी लागतात. गळून पडलेले शिल्प वा हरवलेली शिळा परत आणता येत नसल्याने, दर पावसाळ्यापूर्वीची ही साधी निगाच घारापुरीच्या जतनात सर्वांत महत्त्वाची ठरते.