टाकीचा पाईप आणि एकवीस तुकडे

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या डोक्यावर पाण्याची टाकी आहे आणि तिला एक ओव्हरफ्लोचा पाईप आहे. जीआयचा, सव्वा इंची. वर टाकीच्या प्लास्टिकच्या गळ्यात अडकवलेला, खाली स्लॅबच्या वीतभर वर लोंबता. पंप बंद करायला कुणी विसरलं की तो गच्चीभर पाणी ओततो, एवढीच माझी त्याची ओळख होती.

एका हिवाळ्यात मी 28 मेगाहर्ट्झच्या बँडसाठी उभा डायपोल बांधला. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणारी मंडळी, या बँडला ‘टेन मीटर’ म्हणतात. सूर्यावरचे डाग वाढले की तो जागा होतो आणि मग पाच-दहा वॅटवरही साता समुद्रापार गप्पा होतात. वेळूची काठी, तिला अडीच-अडीच मीटरच्या दोन तारा, मधोमध कोॲक्स केबलची जोडणी. केबल आणि ॲन्टेना कितपत जुळले ते सांगणारा एसडब्ल्यूआर मीटर 1.1 वर. इतका चांगला आकडा पहिल्या फटक्यात कुणाला मिळतो? मी खूश होतो.

सकाळी ऑस्ट्रेलियाची स्टेशनं सहज मिळायची. संध्याकाळी युरोप मात्र हाताला लागेना. जर्मन ऐकू यायचे, इटालियन यायचे, पण माझी हाक कुणाच्या कानी पडत नव्हती. उभा डायपोल चारी दिशांना सारखाच बोलतो असं पुस्तक सांगतं. माझा डायपोल आग्नेयेला बोलत होता आणि वायव्येला पुटपुटत होता.

अशा वेळी पूर्वीचा हॅम गच्चीवर जाऊन काठी हलवायचा. आता आम्ही आधी संगणक उघडतो.

ॲन्टेनाचं मॉडेल म्हणजे चित्र नव्हे, ते तारांचं वर्णन असतं. माझ्या डायपोलचं पूर्ण वर्णन एका ओळीत मावतं: जीडब्ल्यू 1 21 0 0 0.5 0 0 5.5 0.001. जीडब्ल्यू म्हणजे तार. तिचा क्रमांक 1, तिचे तुकडे 21, खालचं टोक स्लॅबपासून अर्ध्या मीटरवर, वरचं साडेपाच मीटरवर, त्रिज्या एक मिलिमीटर. या ओळीला अजूनही ‘कार्ड’ म्हणतात, कारण मूळ प्रोग्रॅमला ही माहिती भोकं पाडलेल्या जाड कागदी कार्डांच्या गठ्ठ्यातून द्यावी लागे. कार्डं इतिहासजमा झाली, पण नाव चिकटून राहिलं.

तो मूळ प्रोग्रॅम म्हणजे एनईसी, ‘न्यूमेरिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स कोड’. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जेराल्ड बर्क आणि अँड्र्यू पोजिओ यांनी तो फोर्ट्रानमध्ये लिहिला. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा 1981 चा दस्तऐवज आजही हौशी लोक उघडतात. काम होतं लष्करी: जहाजं, विमानं, त्यांच्यावरचे ॲन्टेना. पण कोड सार्वजनिक झाला आणि पुढच्या चाळीस वर्षांत जगातल्या गच्च्यांवर पसरला.

त्याची युक्ती समजून घ्यायला गणिताची पदवी लागत नाही. मधोमध जोडणी असलेल्या तारेत वीजप्रवाह कुठे किती आहे, हे एकदा कळलं की बाकी सगळं कळतं. ती ऊर्जा कुठे फेकेल, किती ओहम दाखवेल, सगळं. अडचण अशी की प्रत्येक ठिकाणचा प्रवाह इतर सगळ्या ठिकाणच्या प्रवाहांवर अवलंबून असतो. एकत्र कुटुंबातल्या हिशेबासारखं: थोरल्याचा खर्च धाकट्यावर अवलंबून, धाकट्याचा आजोबांच्या पेन्शनवर. म्हणून तारेचे एकवीस तुकडे करायचे आणि प्रत्येकातला प्रवाह अज्ञात धरायचा. मग धातूचा नियम लावायचा: उत्तम वाहकाच्या पृष्ठभागावर, पृष्ठभागाला समांतर असं विद्युतक्षेत्र शून्यच असलं पाहिजे. प्रत्येक तुकड्यापाशी ही अट लिहिली की एकवीस समीकरणं मिळतात, अज्ञातंही एकवीसच. या पद्धतीचं नाव ‘मेथड ऑफ मोमेंट्स’. रॉजर हॅरिंग्टन यांच्या 1968 च्या पुस्तकाने ती विद्युतचुंबकीच्या अभ्यासकांत रुजवली.

एकवीसच का? विषम संख्या घेतली की मधला, अकरावा तुकडा नेमका जोडणीच्या जागी येतो. आणि अर्ध्या तरंगलांबीला दहापेक्षा कमी तुकडे केले तर उत्तर डळमळतं. मग हजार का नाही? तुकडे दुप्पट केले की कोष्टक चौपट होतं आणि ते सोडवायचे कष्ट आठपट. शिवाय हा प्रोग्रॅम तारेला काटकुळी समजतो. तुकडा त्रिज्येच्या आठपटीहून आखूड झाला की ते गृहीतक कोलमडतं. नवशिक्याला वाटतं जितकं बारीक तितकं खरं, आणि तो नेमका तिथेच फसतो.

संगणकाच्या आधी हे काम हातांनी व्हायचं. जपानमध्ये सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी 1920 च्या दशकात धातूच्या कांड्या पुढे-मागे सरकवून, लांबी कमीजास्त करून मोजमापं घेतली. त्यांना दिसलं ते असं: जोडणी असलेल्या कांडीजवळ, कशालाही न जोडलेली, जराशी लांब कांडी उभी केली तर ती लहरी परत ढकलते; जराशी आखूड असेल तर पुढे ओढून नेते. नुसती उभी असलेली कांडी! तिच्यात शेजारणीमुळे प्रवाह उसळतो आणि ती स्वतः बोलू लागते. उदांचे प्राध्यापक हिदेत्सुगू यागी यांनी 1928 मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात इंग्रजीत लेख लिहिला. त्यात उदांचं श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिलं होतं, तरी जगाच्या तोंडी बसलं ते ‘यागी’च. आपल्याकडे दूरदर्शनच्या काळात घराघरावर जो माशाच्या काट्यासारखा ॲन्टेना होता, पुण्यात सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून कावळ्यांना बसायला जागा देणारा, तो हाच. हे उदा पुढे 1950 च्या दशकात युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत काही वर्षं येऊन राहिले होते, हे आपल्या गच्चीवर त्यांची कांडी फिरवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

कांड्या सरकवण्याचं हे काम पुढे अर्धं शतक तसंच चाललं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतले पीटर विझबिकी यांनी प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेली यागीची कोष्टकं 1976 मध्ये प्रसिद्ध केली, आणि हौशी लोकांनी ती पंचांगासारखी वापरली.

हाताचं काम आणि संगणकाचं काम यांतला फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो एका साध्या तारेत. लुई वार्नी या इंग्रज हॅमने 1946 मध्ये 31 मीटर लांबीचा, खाली दुतारी लोंबणारा ॲन्टेना आखला. त्याच्या कॉल साइनवरून तो जी5आरव्ही म्हणून गाजला. वार्नीने तो मुख्यतः 14 मेगाहर्ट्झसाठी आखला होता. लोकांनी मात्र तो सगळ्या बँडांवर चालणारा चमत्कार ठरवला आणि मग एसडब्ल्यूआर बघून कपाळावर हात मारला. 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतले प्राध्यापक आणि हॅम ब्रायन ऑस्टिन यांनी हाच प्रश्न संगणकाला घातला: वरची तार आणि खालची दुतारी, दोन्हींच्या लांब्या किती ठेवल्या तर ट्यूनर न लावता जास्तीत जास्त बँड पदरात पडतील? उत्तर आलं, वरची तार सुमारे 28 मीटर. तीनच मीटरचा फरक. तो हाताने शोधायचा म्हणजे दोन्ही लांब्यांच्या शेकडो जोड्या कापून, चढवून, उतरवून बघायच्या. झेडएस6बीकेडब्ल्यू या त्यांच्या कॉल साइनने तो ॲन्टेना आज ओळखला जातो. माझ्या मते मॉडेलिंगने हौशी रेडिओला दिलेली ही सर्वांत उपयुक्त देणगी आहे.

दिमाखदार उदाहरण हवं असेल तर नासाचं आहे. मार्च 2006 मध्ये सोडलेल्या ‘एसटी5’ मोहिमेच्या छोट्या उपग्रहांसाठी संगणकाने उत्क्रांतीच्या धर्तीवर, पिढ्यान् पिढ्या आकार बदलत ॲन्टेना घडवला. निघाला तो पोराने चाळा करत वाकवलेल्या यूपिनसारखा. कुठल्याही अभियंत्याने तो आकार कागदावर काढण्याचं धाडस केलं नसतं.

हौशी माणसापर्यंत हे सारं पोचलं ते लहान संगणकांमुळे. 1982 मध्ये अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत ‘मिनिनेक’ तयार झाला, बेसिक भाषेत. त्याचीच बीजं घेऊन जपानी हॅम माकोतो मोरी यांनी ‘एमएमएएनए’ केला, तो फुकट वाटला गेला. रॉय लुवॅलन यांचा ‘ईझीनेक’ बरीच वर्षं विकत मिळे. 2022 च्या सुरुवातीला निवृत्त होताना त्यांनी तोही मोफत करून टाकला. आज चांगलं मॉडेल करायला पैसे लागत नाहीत, बैठक लागते.

आणि थोडा संशय लागतो. मिनिनेकच्या घराण्यातले प्रोग्रॅम ॲन्टेनाचे ओहम काढताना खालची जमीन तांब्याच्या पत्र्यासारखी परिपूर्ण धरतात. जमिनीलगत आडवी तार बांधली तर ते तिचे असे गोडवे गातात की विचारू नका. एनईसी जास्त प्रामाणिक आहे. ओबडधोबड, ऊर्जा गिळणाऱ्या जमिनीवरच्या ॲन्टेनाचं गणित अर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी 1909 मध्येच मांडलं होतं, ते तो वापरतो. पण तोही तुम्हाला दोन आकडे विचारतो, जमिनीची विद्युतवाहकता आणि तिचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक. आता हे आकडे आणायचे कुठून? काळ्या मातीला भेगा पडल्या असतात त्या एप्रिलचे द्यायचे, की ऑगस्टमधल्या चिखलाचे? सगळे ‘सरासरी जमीन’ म्हणून 0.005 आणि 13 लिहितात आणि पुढे जातात. मीही लिहितो.

एकदा 7.1 मेगाहर्ट्झच्या डायपोलसाठी मॉडेलने सांगितलेल्या लांबीची तार, 20 मीटर आणि वर थोडी, इंचाइंचाने मोजून कापली. वर चढवली तर रेझोनन्स 6.9 च्या खाली. दोन दिवस मी कोॲक्सला, सांध्यांना, नशिबाला दोष दिला. मॉडेलमध्ये तार उघडी होती आणि मी आणली होती घराच्या वायरिंगची, पीव्हीसीचं आवरण असलेली. आवरण लहरीचा वेग कमी करतं, तार विजेच्या हिशेबाने दोन-तीन टक्के लांब होते. प्रोग्रॅमने चूक केली नव्हती. त्याला मी आवरणाबद्दल सांगितलंच नव्हतं.

त्याच डायपोलने एक उलटा धडाही दिला. गच्ची धरून तो जमिनीपासून दहा मीटरवर होता, म्हणजे पाव तरंगलांबीच्या आत-बाहेर. मॉडेलने आलेख काढला तो फुग्यासारखा, सगळा जोर थेट आकाशाकडे. मी हिरमुसलो. दूरच्या देशांशी बोलायचं तर लहर क्षितिजाला लागून, पाच ते पंधरा अंशांत निघायला हवी. मग कागदावर त्रिकोण काढला. आयनांबराचा परावर्तक थर 300 किलोमीटरवर धरला तर पुण्याहून नागपूरला पोचायला लहर सुमारे 42 अंशांत वर सोडावी लागते, कोल्हापूरसाठी सत्तरच्या पुढे. म्हणजे सकाळच्या गप्पांत कोल्हापूर-सांगलीची मंडळी मला ‘फाइव्ह नाइन’, म्हणजे उत्तम सिग्नलचा शेरा, का देत होती ते कळलं. ज्याला मी वाया गेलेला जोर समजत होतो, त्याच्यावरच माझं निम्मं रेडिओजीवन चाललं होतं.

आता पुन्हा टेन मीटरकडे. पहिलं मॉडेल मी केलं ते एका ओळीचं, फक्त डायपोलचं. आलेख आला वर्तुळ, कंपासने काढल्यासारखं. ओहम मात्र सत्तरच्या वर आणि कोॲक्स पन्नासचं, म्हणजे एसडब्ल्यूआर दीडच्या आसपास जायला हवा होता. माझा मीटर 1.1 दाखवत होता. ज्या आकड्यावर मी खूश होतो तोच खरं तर चुगली करत होता की तार एकटी नाही.

टेप घेऊन गच्चीवर गेलो. कपडे वाळत घालायची दोरी नायलॉनची, निरुपद्रवी. डिशच्या वायरी आडव्या. सौर बंब लांब. मग तो पाईप. डायपोलपासून दोन मीटर, नेमका वायव्येला. स्टुलावर चढून लांबी मोजली: सव्वापाच मीटर. 28.4 मेगाहर्ट्झची अर्धी तरंगलांबी 5.28 मीटर आहे. धातूची कांडी जाड असली की ती याहून बरीच आखूड असतानाच रेझोनन्सला येते, त्यामुळे सव्वापाच म्हणजे ‘जराशी लांब’. वर प्लास्टिक, खाली हवा, कशालाही न जोडलेली.

खाली येऊन दुसरी ओळ लिहिली: जीडब्ल्यू 2 21 -1.4 1.4 0.2 -1.4 1.4 5.45 0.021. बटण दाबलं. वर्तुळ फुटलं आणि एका अंगाला फुगलं. आग्नेयेला जोर, वायव्येला खळगा, दोन्हींत नऊ-दहा डेसिबलचा फरक. ओहम पन्नाशीच्या जवळ. उदांनी सेन्दाईत जे मेहनतीने जुळवलं होतं, ते आमच्या प्लंबरने नकळत जुळवून ठेवलं होतं.

पाईप हलवा म्हणून सोसायटीच्या सभेत विषय मांडणं शक्य नव्हतं. काठीवरून आधीच एकदा चर्चा झाली होती. मग मीच हललो. वेळू उचलून पाईपच्या पलीकडे, वायव्येला दोन मीटरवर रोवला. त्या संध्याकाळी तासाभरात इटली, पोलंड, फिनलंड. दोन हिवाळे तो पाईप माझ्यासाठी युरोपकडे लहरी ढकलत राहिला, आणि पंप विसरला की गच्चीवर पाणीही.

या वर्षी पावसाळ्याआधी गळतीची कामं निघाली. मी गावी गेलो होतो. परत आलो तर युरोप पुन्हा गप्प. वर जाऊन पाहतो तर टाकीला पांढराशुभ्र पीव्हीसीचा पाईप. जुना जिन्याखाली भंगारवाल्याची वाट बघत पडला होता, अरुंद जिन्यातून उतरवताना दोन तुकडे केलेला: एक तीन मीटर दहा, दुसरा दोन पंधरा. प्लंबरला फोन करून सव्वा इंची सॉकेट मागितलं आणि टोकांना आटे पाडून द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो आला, पाईप जोडून दिला, दोघांनी मिळून वर चढवला, आणि मी तो रिकाम्या कोपऱ्यात दुसऱ्या वेळूला उभा बांधायला घेतल्यावर तो थोडा वेळ बघत उभा राहिला.

“काका,” तो म्हणाला, “पण याला पाणी कुठून येणार?”